हिवऱ्याच्या पंगतीला संशोधक कधी बसणार?

बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम या गावी दरवर्षी पौष महिन्यात स्वामी विवेकानंदांची जयंती तिथीप्रमाणे साजरी होते. उत्सवाच्या समारोपाला उघड्या माळावर पंगती बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी असा साधा बेत असतो. जेवणारे लाखाहून अधिक, आणि वाढण्यासाठी अन्न येते ते ट्रॅक्टरमधून. दोन ओळींमधून ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकतो, स्वयंसेवक त्यातून पुऱ्या उतरवून घेतात आणि पान वाढले जाते. एवढा मोठा समुदाय शांतपणे जेवतो, उठतो आणि संध्याकाळपर्यंत आपापल्या गावी परततो. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी छायाचित्र येते, पुऱ्यांसाठी किती क्विंटल गहू लागला याचा आकडा येतो, आणि विषय वर्षभरासाठी मिटतो.

वास्तविक विषय तिथून सुरू व्हायला हवा. कोलकात्याच्या एका इंग्रजी शिकलेल्या संन्याशाची जयंती वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आपला गावउत्सव म्हणून कशी स्वीकारली? या भागात परंपरा होती ती पंढरीच्या वारीची, महानुभावांची, शेगावच्या गजानन महाराजांची. तिच्यात विवेकानंद कोणत्या वाटेने आले? गहू, तेल, वांगी, सरपण कोणत्या गावांतून येते, आणि ते देणारा शेतकरी ते दान समजतो की वर्गणी की नवस? पंगतीत शेजारी बसलेली माणसे गावी परतल्यावर एकमेकांच्या ओट्यावर बसतात का? यातला पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा धर्माभ्यासाचा, तिसरा अर्थशास्त्राचा, चौथा समाजशास्त्राचा. कीर्तन-प्रवचनांची भाषा तपासायची तर मराठीचा प्राध्यापक हवा, आणि एवढ्या माणसांच्या स्वयंपाकाचे नियोजन समजून घ्यायचे तर व्यवस्थापनाचा. प्रश्न मात्र एकच आहे. त्याचे तुकडे केले की तो मरतो, आणि आपल्या विद्यापीठांत त्याचे तुकडे केल्याशिवाय तो कोणत्याही विभागाच्या दारातून आत जाऊ शकत नाही.

हे नुसते तात्त्विक दुखणे नाही. त्याची किंमत हिवरा आश्रमाने एकदा मोजली आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने ९१ वे साहित्य संमेलन हिवरा आश्रम येथे घेण्याचे ठरवले. दिल्ली आणि बडोदा ही दोन मोठी शहरे स्पर्धेत असताना विदर्भातील एका खेड्याची निवड झाली, याचे अनेकांना अप्रूप वाटले. हा आनंद टिकला जेमतेम काही दिवस. आश्रमाचे संस्थापक शुकदास महाराज यांच्या रुग्णसेवेविषयी आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या श्रद्धेविषयी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून आक्षेप आले. संमेलनासारख्या व्यासपीठाने अशा ठिकाणी जाऊ नये, अशी मागणी झाली. महाराजांचे त्याच वर्षी एप्रिलमध्ये निधन झाले होते. उत्तर द्यायला ते नव्हते. अखेर आश्रमाने स्वतःच निमंत्रण मागे घेतले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये संमेलन बडोद्याला झाले. लक्ष्मीकांत देशमुख त्याचे अध्यक्ष होते. संमेलन उत्तम झाले असेल. परंतु मेहकर तालुक्याच्या वाट्याला आलेला योग हुकला तो हुकलाच.

त्या पंधरवड्यात जे लिहिले आणि बोलले गेले, ते आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. एका बाजूला आरोपांची पत्रके होती, दुसऱ्या बाजूला भक्तांचे गहिवर होते. आश्रम १९६५ साली स्थापन झाला. म्हणजे बावन्न वर्षे ही संस्था विदर्भाच्या डोळ्यांसमोर वाढली. शाळा, वसतिगृह, अपंगांसाठीचे शिक्षण, कृषी महाविद्यालय असा तिचा विस्तार झाला. हजारो रुग्ण तिच्या दारी येऊन गेले. पण त्या वादात विद्यापीठाचा एखादा अभ्यास, कोण्या विभागाने केलेले सर्वेक्षण, तटस्थ संशोधकाने घेतलेल्या मुलाखती असे काही ना आरोप करणाऱ्यांच्या हाती दिसले, ना बचाव करणाऱ्यांच्या. रुग्ण कोणते येत, त्यांना काय दिले जाई, किती जणांना गुण आला, किती जणांना दवाखान्यात पाठवले गेले, लोकांची श्रद्धा उपचारावर होती की माणसावर, हे सारे शोधून काढता येण्यासारखे होते. तसा एखादा ग्रंथ असता, तर निर्णय काहीही झाला असता. पण तो पत्रकांच्या जोरावर झाला नसता. पुरोगामी मंडळींची घाई आपल्या परिचयाची आहे, तिच्यावर वेगळे लिहिण्याचे कारण नाही. अधिक खेद वाटावा तो यासाठी, की आश्रमाच्या बाजूने उभे राहणाऱ्यांपाशीही भावनेखेरीज दुसरे साधन नव्हते.

आता विद्यापीठांकडे वळू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १ मार्च २०१७ पासून लागू झाला. या कायद्याने विद्यापीठांत चार विद्याशाखा ठेवल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान, आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथे नाव वाचून कोणासही वाटेल की, हाच तो इतिहास, भाषा, कला, समाजशास्त्र यांना एकत्र बसवणारा मंडप. प्रत्यक्षात तिथे शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, गृहविज्ञान, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या, समाजकार्य, ललित कला हे विषय नेऊन बसवले गेले. यातला प्रत्येक विषय आपापल्या जागी मोलाचा आहे. परंतु ग्रंथालयशास्त्र आणि शारीरिक शिक्षण शेजारी ठेवल्याने दोन ज्ञानशाखांचा संवाद घडत नाही. घरात ज्या वस्तूंना जागा सापडत नाही त्या माळ्यावर ठेवाव्यात, तसा हा प्रकार झाला.

इतर व्यवस्थाही त्याच चालीच्या आहेत. अभ्यासमंडळे विषयवार, पीएच. डी.चे मार्गदर्शक विषयवार, नेट आणि सेट परीक्षा विषयवार, प्राध्यापकाची जाहिरात विषयवार. समजा, एखाद्या होतकरू विद्यार्थ्याने हिवऱ्याच्या उत्सवावर काम करायचे ठरवले. मराठी विभाग म्हणेल, यात साहित्य कुठे आहे? इतिहास विभाग म्हणेल, १९६५ नंतरचे म्हणजे इतिहास नव्हे. समाजशास्त्र विभाग त्याला एक प्रश्नावली देईल आणि दोनशे जणांकडून टिकमार्क करून आणायला सांगेल. एवढे करूनही त्याने दोन विषयांच्या सीमेवर प्रबंध लिहिलाच, तर नोकरीच्या मुलाखतीत त्याला विचारले जाईल, तुमची पदवी नेमकी कोणत्या विषयातली? शहाणा विद्यार्थी मग एखाद्या कादंबरीकाराच्या ‘समग्र वाङ्मयाचा चिकित्सक अभ्यास’ निवडतो आणि तीन वर्षांत मोकळा होतो.

ज्या भूमीवर हे घडते ती भूमी मात्र विषयांच्या चौकटी जुमानत नाही. हिवरा आश्रमापासून एका दिवसाच्या फेरफटक्यात काय काय येते, ते पाहावे. मेहकर हे पैनगंगेकाठचे जुने नगर. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ते ठाणे होते आणि ऐन-ए-अकबरीत त्याची नोंद आहे. तेथील बालाजीची, म्हणजे शार्ङ्गधराची, दहा फुटांहून उंच काळ्या पाषाणाची मूर्ती १८८८ साली खोदकामात सापडली. सरकार ती घेऊन जाईल या धास्तीने गावकऱ्यांनी घाईने प्रतिष्ठापना उरकली, असे मेहकरचे लोक आजही सांगतात. या एका आठवणीत मूर्तिशास्त्र आहे, वसाहतकाळाचे राजकारण आहे, आणि देव आपल्या गावातून जाऊ नये म्हणून एका रात्रीत एक होणारा समाजही आहे. कवी ना. घ. देशपांडे याच मेहकरचे. वकिली करत ते आयुष्यभर इथेच राहिले. ‘खूणगाठी’साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी ध्वनिमुद्रिकेवर गायली आणि मराठी भावगीताची वाट तिथून मोकळी झाली, असे मानले जाते. या घटनेचा अभ्यास करायला कवितेचा जाणकार पुरत नाही. संगीत कळणारा हवा, आणि ग्रामोफोनच्या धंद्याचा इतिहास ठाऊक असणाराही हवा.

मेहकरवरून लोणार जवळच. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, म्हणून पुस्तकांत ‘शोध’ त्याच्या नावावर लागला. ज्या सरोवराकाठी शतकानुशतके कमळजादेवीची पूजा चालू आहे, ज्याच्या काठावर आणि गावात दैत्यसूदनासारखी यादवपूर्व व यादवकालीन शिल्पवैभव मिरवणारी मंदिरे आहेत, लवणासुराच्या वधाची कथा ज्याच्याशी जोडली गेली आहे, ज्याच्या क्षारांचा काच आणि साबण बनवण्यासाठी होणारा उपयोग अबुल फजलनेही टिपला, त्याचा ‘शोध’ १८२३ साली लागला म्हणे! आकाशातून काही कोसळले आणि पाताळ उघडले, ही लोककथेची भाषा आणि उल्कापाताचे विज्ञान यांचा संबंध लावण्याचा मोह अनेकांना होतो. पण विवराचे वय हजारोंच्या नव्हे, तर लाखो वर्षांच्या हिशेबात असावे, असे अलीकडच्या कालमापनातून पुढे आले आहे. म्हणजे तो स्फोट पाहिलेल्या माणसाची आठवण कथेत उतरली, हे म्हणणे टिकणे अवघड आहे. मग ही कथा का जन्मली? खाऱ्या पाण्यातून, सभोवतालच्या भूरूपातून, की वैष्णव परंपरेच्या विस्तारातून? जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे प्रयोगशाळांनी दाखवले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शास्त्रज्ञ आले आणि नमुने घेऊन गेले. त्यांच्यासोबत कथा गोळा करणारा, मंदिरे वाचणारा किंवा सरोवराच्या क्षारांच्या जुन्या व्यापाराची कागदपत्रे पाहणारा कोणी असता, तर चित्र पुरे झाले असते.

चक्रधरस्वामींच्या लीळांमध्ये मेहकर आहे, लोणार आहे. तेराव्या शतकातील मराठी गद्यात आपल्या पायाखालचा रस्ता सापडणे, हे भाग्य जगात फार थोड्या तालुक्यांना लाभते. थोडे पश्चिमेला गेले की सिंदखेडराजा, जिजाऊंचे जन्मस्थान. त्याच तालुक्यात साखरखेर्डा. तेथे १७२४ साली निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात लढाई झाली आणि निजामाच्या हैदराबाद राज्याचा पाया तिथे घातला गेला. मराठवाड्याच्या पुढच्या सव्वादोनशे वर्षांचे भवितव्य ज्या रणांगणाने ठरवले, ते हिवऱ्याच्या शेजारी आहे, हे मेहकरच्या किती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

या साऱ्याला सामावून घेणारे केंद्र उभारायचे, तर ते कसे चालते हे स्पष्ट असावे. कारण ‘केंद्र’ म्हटले की आपल्याकडे इमारत, उद्घाटनाची कोनशिला आणि एक संचालक एवढेच डोळ्यांपुढे येते. जगातील चांगल्या विद्यापीठांत कला व मानव्यविद्यांची जी संशोधन केंद्रे आहेत, ती पदवीचे वर्ग घेत नाहीत. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, संगीत, पुरातत्त्व अशा वेगवेगळ्या विभागांतील दहा-बारा अभ्यासकांना एक वर्ष अध्यापनातून मोकळे केले जाते. त्या वर्षासाठी सर्वांना मिळून एक प्रश्न दिला जातो. आठवड्यातून एकदा एकत्र बसायचे, एकाने आपले टिपण वाचायचे आणि इतरांनी त्याची चिरफाड करायची, हा मुख्य कार्यक्रम. बाकी ग्रंथालय, थोडी प्रवासाची तरतूद आणि दुपारचे जेवण. केंब्रिज विद्यापीठाने असे केंद्र २००१ साली सुरू केले. त्याहून जुने आणि अधिक बोलके उदाहरण अॅबी वारबुर्गच्या ग्रंथालयाचे. हॅम्बुर्गच्या या सावकारपुत्राने आपल्या ग्रंथालयातील पुस्तके विषयवार लावली नाहीत. एखादे पुस्तक शोधायला आलेल्याला ज्या पुस्तकाची गरज आहे पण ते ठाऊक नाही, असे पुस्तक शेजारी सापडावे, अशी त्याची मांडणी होती. नाझी सत्ता आल्यावर १९३३ साली ते ग्रंथालय लंडनला हलवावे लागले आणि पुढे लंडन विद्यापीठाचा भाग झाले.

अर्थात हे सारे परदेशातूनच शिकावे लागते, असे नाही. महाराष्ट्राने हे फार पूर्वी केले आहे आणि आज तो ते विसरला आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा तिथे सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्राला, हसमुख सांकळिया पुरातत्त्वाला, इरावती कर्वे समाजशास्त्राला आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासाला होते. चौघे एका आवारात! गुजरातमधील लांघणजच्या उत्खननात सांकळियांबरोबर इरावतीबाई होत्या. मातीतून मानवी सांगाडे निघाले तेव्हा ते वाचणारी व्यक्ती खड्ड्याच्या काठावरच हजर होती. पत्रव्यवहार करून, परवानगी मागवून तिला बोलवावे लागले नाही. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. ती अनेक लिपी जाणणाऱ्या पंडितांच्या एकत्र बसण्यातूनच. विदर्भाचाही यात वाटा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाची मुहूर्तमेढ नागपुरात रोवली गेली.

बुलडाणा जिल्ह्याच्या पोटी तर एक मोठा दाखला आहे. नरवेलसारख्या लहान गावी जन्मलेले डॉ. विष्णु भिकाजी कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. लीळाचरित्राची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती १९७८ साली निघाली. कोलते मराठीचे प्राध्यापक. पण ताम्रपट आणि शिलालेखही ते त्याच अधिकाराने वाचत, महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्यांची उकल करत, आणि लीळांतील गावे जमिनीवर शोधत. त्यांना कोणी ‘आंतरविद्याशाखीय’ म्हटले नाही. तसा शब्दही तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा शोध घेताना संस्कृत माहात्म्ये, धनगर-गवळ्यांची दैवते, दक्षिणेतील मंदिरे आणि लोकगीते एकत्र वाचली, तेव्हा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ झाला. एवढ्या मोठ्या संशोधकाचे आयुष्य प्रामुख्याने स्वतःच्या घरच्या पुस्तकांत गेले, विद्यापीठाच्या केंद्रात नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या डॉ. तारा भवाळकर यांनीही लोकसंस्कृतीचे आपले काम सांगलीत राहून, अध्यापन सांभाळून केले. आपल्याकडे माणसे केंद्रे झाली, कारण केंद्रे नव्हती. माणूस गेला की त्याची टिपणे, त्याचे पुस्तकांचे कपाट, त्याची प्रश्न विचारण्याची रीत हे सगळे त्याच्याबरोबर विरून जाते.

हिवऱ्याच्या संदर्भात तर स्वामी विवेकानंदांचाच एक प्रसंग आठवतो. १८९३ साली शिकागोला जाताना स्वामीजी आणि जमशेटजी टाटा यांनी जपानहून व्हँकुव्हरपर्यंत एकाच जहाजातून प्रवास केला. त्या भेटीची आठवण देऊन जमशेटजींनी २३ नोव्हेंबर १८९८ रोजी स्वामीजींना पत्र लिहिले आणि भारतात उभारायच्या संशोधन संस्थेच्या कामी त्यांचे सहकार्य मागितले. पुढे १९०९ साली बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. ही कथा आपल्या बौद्धिकांत अनेकदा सांगितली जाते. सांगितला जात नाही तो तिचा दुसरा भाग. आरंभीच्या आराखड्यात विज्ञान-तंत्रज्ञान आणि वैद्यक यांच्या जोडीला तत्त्वज्ञान व शिक्षण अशी तिसरी शाखा प्रस्तावित होती, आणि तिच्यात भारतीय इतिहास, पुरातत्त्व, तौलनिक भाषाशास्त्र, नीतिशास्त्र, अर्थशास्त्र यांचा समावेश होता. सरकारी समित्यांच्या चाळणीतून आराखडा गेला आणि संस्था प्रत्यक्षात आली तेव्हा ही शाखा गळालेली होती. विज्ञानाला घर मिळाले. इतिहास, भाषा आणि तत्त्वज्ञान उंबऱ्याबाहेर राहिले. ते सव्वाशे वर्षे होत आली तरी बाहेरच उभे आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरला, भारतीय ज्ञानपरंपरेसाठी केंद्र सरकारने स्वतंत्र विभाग सुरू केला, आणि महाराष्ट्राच्या पदवी अभ्यासक्रमात या विषयाला दोन श्रेयांक मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. दिशा योग्य आहे, यात शंका नाही. परंतु दोन श्रेयांकांची गरज भागवण्यासाठी जी पुस्तके घाईघाईने बाजारात आली, त्यांतली काही चाळली तर मन खट्टू होते. चरकापासून कौटिल्यापर्यंत सगळे चाळीस पानांत, एकाही मूळ ग्रंथाला हात न लावता. कुठे विमान उडते, कुठे अणुबॉम्ब फुटतो. भारतीय ज्ञानपरंपरेची टिंगल करणाऱ्याला यापेक्षा सोयीचे हत्यार दुसरे कोणते? ज्या परंपरेत पूर्वपक्ष प्रतिपक्षालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला तोंड उघडण्याचा अधिकार नव्हता, तिच्या नावावर हे चालावे, हे क्लेशकारक आहे.

इथे प्रश्न आपल्याच अंगणात येतो. हिवरा आश्रमाला केंद्रस्थानी ठेवून खरोखरच अभ्यास व्हावा असे वाटत असेल, तर संशोधक येईल तो केवळ पंगतीचे कौतुक करायला येणार नाही. तो हिशेबाच्या वह्या मागेल. महाराजांच्या औषधांविषयी विचारील. गुण आलेल्यांबरोबर गुण न आलेल्यांनाही शोधून काढील. पंगतीतली समता गावात किती दिवस टिकते, हे तो पाहील, आणि कदाचित त्याला जे दिसेल ते आपल्याला आवडणार नाही. त्या वेळी त्याच्या अंगावर धावून न जाण्याची तयारी आहे का? ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, पोथ्या विस्कटल्या, कपाटे फोडली गेली, तेव्हा एका पुस्तकाचा राग ग्रंथालयावर काढणाऱ्यांचा आपण तीव्र निषेध केला होता. तो निषेध खरा असेल, तर न आवडणाऱ्या निष्कर्षाला निवेदन, निदर्शने आणि कुलगुरूंना घेराव यांनी उत्तर देण्याची सवय आपल्या ओळखीच्या युवकांतही वाढते आहे, तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. श्रद्धेच्या स्थानी संशोधकाला बसायला पाट देणे, हे मोठ्या संस्थेलाच जमते. विवेकानंदांनी आपल्या गुरूची अनेक अंगांनी परीक्षा पाहिली होती आणि गुरूने ती आनंदाने पाहू दिली होती. हिवऱ्याच्या आश्रमाला स्वामीजींचे नाव आहे. तिथे हे नवे वाटू नये.

घरातली दुसरी गोष्टही बोलून टाकावी. मध्यमवर्गीय कुटुंबात दहावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीने कला शाखेत जायचे म्हटले, की घरावर संकट कोसळल्यासारखा चेहरा होतो. संस्कृतीविषयी सर्वाधिक बोलणाऱ्या घरांतली मुले संगणक आणि व्यवस्थापनाकडे जातात, आणि संस्कृतीचा अभ्यास मात्र ज्यांना तिच्याविषयी आस्था नाही अशांच्या हाती राहतो. मग वर्षानुवर्षे तक्रार चालू राहते की, विद्यापीठे डाव्यांनी बळकावली. रिकामी खुर्ची बळकावावी लागत नाही. इतिहास, भाषाशास्त्र, पुरालेखविद्या, लोकसाहित्य यांत आयुष्य घालण्यास तयार असलेली वीस मुले-मुली आपल्या शाखांतून आणि घरांतून दहा वर्षांत निघाली, तर वादाचे स्वरूपच बदलेल.

सध्या महापुरुषांच्या नावाने अध्यासने काढण्याची चढाओढ आहे. जयंतीला व्याख्यान, पुण्यतिथीला हार आणि वर्षअखेरीस एक स्मरणिका यापलीकडे त्यांतली फार थोडी अध्यासने गेली आहेत. हाच पैसा एकत्र करून अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाला मेहकर-लोणार परिसरासाठी एक छोटे केंद्र सहज चालवता येईल. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत पश्चिम विदर्भाचे पाच जिल्हे येतात, आणि आवारापासून हिवरा दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आता समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो, तेव्हा अंतराचेही कारण उरले नाही. केंद्र मुख्य आवारात नसावे. आश्रमाच्या अतिथिगृहातील चार खोल्या आणि एक सभागृह पुरे. भूशास्त्राचा एक, मराठीचा एक, पुरातत्त्वाचा एक, समाजशास्त्राचा एक आणि वैद्यकातला एक, असे पाच जण वर्षभर तिथे राहावेत. विषय त्यांनी ठरवावा. प्रकाशनापूर्वी आश्रमाने, शासनाने किंवा कोणत्याही संघटनेने त्यांचा मजकूर तपासायला मागू नये, एवढी एक अट मात्र लेखी असावी. दोन विभागांत काम केलेल्या अभ्यासकाला प्राध्यापकपदासाठी पात्र धरण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाला करावा लागेल. तो झाला नाही, तर केंद्रात कोणी हुशार तरुण फिरकणार नाही.

आणि घाई आहे. १९६५ साली शुकदास महाराजांबरोबर पहिली झोपडी उभी करणारे, पहिल्या उत्सवात पीठ मळणारे, पहिल्या रुग्णांना बैलगाडीतून घेऊन येणारे जे विशीत होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा तालुक्यांच्या खेड्यांत ते विखुरलेले आहेत. त्यांच्याजवळ ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन बसणारा मुलगा पुढच्या पौषातल्या पंगतीला आला, तरी त्याला दरवर्षी थोडी कमी माणसे भेटतील.